भरलेली खुर्ची, रिकामी खुर्ची

दोस्तांनो, यावेळी टपालात एक पत्र आलं आणि ठरवलेला विषय मी बाजूला ठेवला. पत्र वाई तालुक्यातल्या एका गावातून आलंय. लिहिणारी मुलगी नववीत शिकते. तिनं नाव-गाव सगळं लिहिलंय, पण खाली 'छापू नका' असंही लिहिलंय. तेव्हा आपण ते छापणार नाही. पत्र छोटंसंच आहे:

'माझी काकी आमच्या गावची सरपंच आहे. लोकांनी मतं देऊन तिला निवडून दिलं. आता सदस्यांनी तिच्यावर अविश्वासाचा ठराव आणलाय. वर्गातली पोरं म्हणतात, तुझ्या काकीनं पैसे खाल्ले म्हणून तिला काढणार. काकी घरात कुणाशी बोलत नाही. लोकांनी निवडलेल्या माणसाला असं मधेच काढता येतं का? आणि काढलं, तर ती चोर ठरते का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात देता येतं. नाही.

अविश्वास म्हणजे आरोप सिद्ध होणं नव्हे. अविश्वास म्हणजे 'तुम्ही आमच्या प्रमुख म्हणून राहावं असं आम्हांला वाटत नाही', एवढंच. त्याला पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही. लागतात ती फक्त मतं. मतं पुरेशी पडली, तर अगदी सज्जन माणूसही पदावरून जातो. आणि ती कमी पडली, तर बेरकी माणूसही खुर्चीत बसून राहतो. वर्गातल्या पोरांना हे सांगून टाक. ऐकणार नाहीत ती, पण तू सांग.

आता पहिला प्रश्न. मधेच काढता येतं का?

येतं. पण तुझ्या काकीच्या बाबतीत ती वाट बरीच चढाची आहे. पसरणीचा घाट म्हण हवं तर. आणि त्या वाटेवरची शेवटची पायरी गावाच्या हातात आहे. ती कशी, ते समजून घ्यायचं तर थोडं मागं जायला हवं.

पूर्वी आपल्याकडे सरपंचाला गाव थेट निवडत नसे. गाव निवडायचं ते सदस्यांना. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचे सदस्य सातपासून सतरापर्यंत असतात, लोकसंख्येप्रमाणे. हे सदस्य एकत्र बसून आपल्यातल्याच एकाला सरपंच करायचे. ज्यांनी बसवलं त्यांनीच उठवायचं, असा साधा हिशोब होता. दोन तृतीयांश सदस्य विरोधात गेले की सरपंच घरी. राखीव जागेवरची बाई सरपंच असेल, तर तिला काढायला तीन चतुर्थांश मतं लागतील, अशी दुरुस्ती पुढे झाली. ती का करावी लागली असेल? अनेक गावांत पॅनेलवाले बाईला खुर्चीत बसवायचे आणि कारभार आपणच करायला बघायचे. बाईंनी सही करण्याआधी कागद वाचायला सुरुवात केली, की अविश्वासाचा ठराव आलाच! हे माझं मत आहे, पण गावोगावच्या चावडीवर जरा वेळ बसलात तर तुम्हांलाही असे किस्से ऐकायला मिळतील.

त्या काळी ठरावाची तारीख लागली, की सदस्य अचानक 'सहलीला' जायचे. एका गटाचे सगळे सदस्य एका जीपगाडीत बसून कोकणात नाहीतर गोव्याला. फोन बंद. मतदानाच्या दिवशी सकाळी गाडी थेट पंचायतीच्या दारात. मधे कुणी फोडू नये, म्हणून ही खबरदारी. आता वाईकरांनी सहलीला जायचं तर महाबळेश्वर हाकेच्या अंतरावर, पण ते चालत नसे. फार जवळ पडतं ना! सहली अजूनही बंद झालेल्या नाहीत म्हणा.

असो. २०१७ साली कायदा बदलला. सरपंच थेट गावानं निवडायचा, असं ठरलं. मतदार आपल्या वॉर्डातल्या सदस्यांना मत देतो आणि सरपंचालाही वेगळं मत देतो. २०२० मध्ये हा बदल रद्द झाला, २०२२ मध्ये पुन्हा आला. सरकारं बदलली की हा कायदा बदलतो, असा आतापर्यंतचा अनुभव आहे. तुझी काकी थेट निवडून आली आहे, म्हणजे तिला हाच नियम लागू.

आणि इथं एक पेच उभा राहिला. बसवलं गावानं, मग उठवायचं कुणी? सदस्यांनीच उठवलं, तर गावाच्या मताला किंमत काय? आणि सदस्यांना अजिबात हक्कच ठेवला नाही, तर सरपंच मनमानी करायला मोकळा. कायद्यानं यावर तोड काढली ती अशी. सुरुवात सदस्य करतील, पण शेवट गाव करेल.

सदस्य सह्या करून तहसीलदारांना नोटीस देतात. तहसीलदार सात दिवसांच्या आत पंचायतीची खास सभा बोलावतात आणि स्वतः तिचे अध्यक्ष होतात, म्हणजे सरपंचाच्या खुर्चीवर त्या दिवशी सरपंच बसत नाही. पण सभेत सरपंचाला बोलायचा पूर्ण हक्क आहे आणि मत द्यायचाही. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. हजर असलेल्यांच्या नव्हे हं, मत द्यायचा हक्क असलेल्या एकूण सगळ्यांच्या. आता वही-पेन्सिल घ्या. समजा, अकरा सदस्य आणि बारावी सरपंच. बाराचे तीन चतुर्थांश म्हणजे नऊ. अकरा सदस्यांपैकी दोघेच सरपंचाच्या बाजूनं राहिले, तर विरोधात नऊ उरतात आणि ठराव मंजूर होतो. तिघे राहिले, तर विरोधात आठच. ठराव बारगळला. एका माणसानं केवढा फरक पडतो बघा! जीपगाड्या का निघतात, ते कळलं ना आता?

पण नऊ मतं पडली, तरी खुर्ची लगेच जात नाही. मग खास ग्रामसभा भरते. तिथं मतदार यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक माणूस येऊ शकतो. शेतात राबणारी बाई, रिटायर झालेले मास्तर, कालच अठरा पूर्ण झालेला दादा, सगळे. आणि मतदान गुप्त. हात वर करून नाही. हात वर करायचा म्हटलं की भावकी बघते, सावकार बघतो, शेजारी बघतो. चिठ्ठी कुणी बघत नाही. या ग्रामसभेनं ठराव मान्य केला, तरच सरपंच पायउतार. नाहीतर सदस्य मुकाट्यानं परत आणि सरपंच पुन्हा खुर्चीत.

निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं असा ठराव आणताच येत नाही. मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतही नाही. दोन वर्षं का? रस्ता मंजूर करून आणायचा, पाण्याची टाकी बांधायची, तर कागद फिरायलाच सहा-आठ महिने जातात. नव्या माणसाला हात दाखवायला थोडा अवकाश नको का? आणि शेवटच्या सहा महिन्यांत तर निवडणूक दारातच आलेली असते, तेव्हा गाव काय ते ठरवेलच. ठराव एकदा पडला, की लगेच दुसरा आणायचीही सोय नाही. नाहीतर पंचायतीत दर महिन्याला हेच चालेल आणि गटारी तुंबलेल्याच राहतील.

आता तुमच्यातला एखादा चौकस वाचक विचारेल, सदस्यांची वाट कशाला बघायची? मतदारांनी स्वतःच सह्या गोळा करून सरपंचाला माघारी का बोलावू नये?

याला पुस्तकी मराठीत 'प्रत्यावाहन' म्हणतात. शब्द जड आहे. साधा अर्थ, परत बोलावणं. प्रतिनिधी म्हणून पाठवला होता, आता ये माघारी. भारतात हे राज्याराज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात मतदारांना ही सुरुवात करता येत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात येते. तिथं ग्रामसभेच्या एक तृतीयांश मतदारांनी सह्या केल्या, तर सरपंचाला परत बोलावण्यावर मतदान होऊ शकतं. हरियाणानं २०२० साली असाच कायदा केला. मतदारांनी लेखी मागणी करायची आणि ६७ टक्के मतं विरोधात पडली तर सरपंच जाणार. काढायचा आकडा मुद्दामच मोठा ठेवलाय.

मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठीही मतदारांचं असं मतदान होतं, फक्त तिथं मागणी नगरसेवकांनी करावी लागते. २००१ साली अनुपपूरच्या मतदारांनी आपल्या नगराध्यक्षांना मतदान करून माघारी बोलावलं. आपल्या देशात असं पहिल्यांदाच घडलं. २००८ मध्ये छत्तीसगडच्या तीन गावांतही तसंच झालं. उलटही घडतं बरं का. राजस्थानातल्या मांगरोलला २०१२ साली असंच मतदान झालं आणि लोकांनी आपला नगराध्यक्ष ठेवून घेतला!

या मतदानातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे मतपत्रिका. मध्य प्रदेशात त्यावर उमेदवारांची नावं नसतात, दोन चित्रं असतात. एक 'भरी कुर्सी', म्हणजे माणूस बसलेली खुर्ची. दुसरी 'खाली कुर्सी', म्हणजे रिकामी. ठेवायचा असेल तर भरलेल्या खुर्चीवर शिक्का, काढायचा असेल तर रिकाम्या. ज्या आजीला अक्षर वाचता येत नाही, तिलाही विचारायला लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर आपल्याकडे मतदान होतं, तेव्हाही चित्रंच असतात. उभी बाटली आणि आडवी बाटली. जावळी खोऱ्यातल्या आयाबायांनी बाटली आडवी करायला केवढे कष्ट घेतले, ते घरात आजीला विचारा.

वाई शहरातल्या दोस्तांनो, तुमचा नियम मात्र वेगळा आहे. नगराध्यक्षाला तुमचे आईवडील थेट मत देतात, पण त्याला पदावरून दूर करायची वेळ आली तर 'तुमचं काय म्हणणं?' असं मतदारांना विचारायची पायरी आपल्या राज्याच्या नगरपालिकांच्या कायद्यात नाही. म्हणजे कृष्णेच्या काठानं पलीकडे मेणवलीला गेलं, की मतदाराचा हक्क एका पायरीनं वाढतो! गंमतच आहे. आमदार-खासदारांना परत बोलावायची सोय तर देशात कुठंच नाही. १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी ही मागणी लावून धरली होती, पुढे अण्णा हजारे यांनीही केली. कायदा काही झाला नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र राज्यपालालाही परत बोलावता येतं. तिथला राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो आणि कारभार तोच पाहतो. २००३ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपला राज्यपाल घरी पाठवला आणि त्याच मतदानात त्याच्या जागी कुणाला बसवलं माहीत आहे? 'टर्मिनेटर' सिनेमातल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरला. उमेदवार होते १३५!

मतदारांनीच सुरुवात करायची ही कल्पना ऐकायला छान वाटते. मलाही वाटायची. मग मी अथेन्सची गोष्ट वाचली.

ग्रीस देशात अथेन्स नावाचं नगर. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथं दर वर्षी लोकांना विचारत, 'यंदा कुणाला नगराबाहेर घालवायचं आहे का?' लोक 'हो' म्हणाले, तर ठरलेल्या दिवशी प्रत्येकानं फुटक्या मडक्याच्या खापरीवर एक नाव खरडून आणायचं. निदान सहा हजार खापऱ्या जमल्या, तर ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं त्यानं दहा वर्षं नगर सोडायचं. आरोप कुठला? आरोप नाहीच. आणि त्या माणसाला उभं राहून आपली बाजू मांडायचीही सोय नाही.

तिथं ॲरिस्टायडीस नावाचा एक पुढारी होता. लोक त्याला 'न्यायी' म्हणत. खापऱ्यांच्या दिवशी एक खेडूत त्याच्यापाशी आला. खेडुताला लिहिता येत नव्हतं आणि समोर कोण उभा आहे हेही माहीत नव्हतं. म्हणाला, 'यावर ॲरिस्टायडीस असं लिहून दे.' ॲरिस्टायडीसनं विचारलं, 'त्यानं तुझं काय वाकडं केलं?' खेडूत म्हणाला, 'काही नाही. मी तर त्याला ओळखतही नाही. पण जिथं जावं तिथं न्यायी, न्यायी. ऐकून कान किटले!' ॲरिस्टायडीसनं मुकाट्यानं खापरीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि परत दिली, असं जुने इतिहासकार सांगतात. तो गेला नगराबाहेर. पुढे इराणच्या बादशहानं स्वारी केली, तेव्हा अथेन्सनं त्याला दहा वर्षं व्हायच्या आतच माघारी बोलावून घेतलं. परत बोलावणं असंही असतं!

ती गोष्ट कदाचित थोडी रंगवलेली असेल. पण दुसरी गोष्ट जमिनीतून निघालीय, ती बघा. अथेन्सच्या टेकडीच्या उतारावर एका जुन्या विहिरीत उत्खनन करणाऱ्यांना सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर नाव एकाच पुढाऱ्याचं, थेमिस्टोक्लीसचं. तज्ज्ञांनी अक्षर तपासलं, तर १९० खापऱ्या लिहिणारे हात चौदाएकच! म्हणजे कुणीतरी आधीच नावं लिहून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात द्यायला. अडीच हजार वर्षांपूर्वीची जीपगाडीच म्हणा ना.

म्हणून मला आपल्या कायद्यातली ग्रामसभा बरी वाटते, पण ती पुरेशी वाटत नाही. मतदारांना सुरुवात करायचा हक्क असायला हवा, असं माझं मत आहे. सदस्य आणि सरपंच संगनमतानं वागायला लागले, तर गावानं काय पाच वर्षं नुसतं बघत बसायचं? पण तो हक्क देताना आकडा मोठा हवा, सही करणाऱ्याला विचार करायला वेळ हवा, आणि ज्याला काढायचं त्याला सगळ्यांसमोर बोलायला मिळालंच पाहिजे. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.

एक वाट मात्र आजही एकट्या मतदाराला उघडी आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. सरपंचानं किंवा सदस्यानं सरकारी जागेवर अतिक्रमण केलं, घरपट्टीचं बिल मिळूनही मुदतीत भरली नाही, तर तो पदावर राहायला अपात्र ठरू शकतो. ग्रामसभा घेतल्याच नाहीत, तरी सरपंचपद जाऊ शकतं. अशा अपात्रतेसाठी गावातला कुणीही माणूस जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. इथं मतांची बेरीज नाही. इथं कागद लागतो, पुरावा लागतो, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. पैसे खाल्ले असा कुणाचा खरोखरच आरोप असेल, तर त्याचीही अशीच रीतसर चौकशी व्हायला हवी. आता पुन्हा तुझ्या वर्गातल्या पोरांकडे येऊ. 'काकीनं पैसे खाल्ले' असं त्यांना वाटत असेल, तर त्यांना विचार, कुणी लेखी तक्रार केलीय का? कुठल्या कामातले? किती? पंचायतीचा हिशोब ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो, तो कुणी मागितला का? तक्रार झाली असेल आणि त्यात काही निघालं, तर तुलाही ते ऐकून घ्यावं लागेल. काकी आहे म्हणून ती बरोबरच असेल, असं मीही म्हणत नाही. मी तिला ओळखत नाही, त्या खेडुतासारखाच.

मात्र तिच्यापाशी असं काही आहे, जे ॲरिस्टायडीसपाशी नव्हतं. तिला बोलायचा हक्क आहे. तहसीलदारांसमोरच्या सभेत तर आहेच आणि ग्रामसभेत सगळं गाव पुढ्यात असेल. तू लिहितेस, काकी घरात कुणाशी बोलत नाही. ते मला जरा काळजीचं वाटतं. अशा वेळी गप्प राहिलं की लोक आपल्या मनानं रिकाम्या जागा भरतात. कोणतं काम केलं, कोणतं राहिलं, का राहिलं, सदस्यांशी कशावरून बिनसलं, हे तिनं आधी कागदावर उतरवायला हवं. आकड्यांसकट. पाण्याच्या टाकीला किती आले, किती खर्च झाले. चुकलं असेल तिथं 'चुकलं' असंही.

आज रात्री जेवणं झाली की वही घेऊन तिच्याजवळ बस. काही विचारू नकोस, नुसतं म्हण, 'काकी, तू सांग, मी लिहिते.' तुझं अक्षर सुरेख आहे, पत्रावरूनच दिसतंय. आणि सभेत काय झालं ते मला नक्की कळव, ठराव मंजूर झाला तरी कळव. नाव छापणार नाही.